बाहुली कोणाची कथा सांगते?

बाहुली म्हटली की चिंध्यांची, लाकडाची, हल्ली प्लॅस्टिकची अशी लहान मुलीच्या हातातील वस्तू डोळ्यांपुढे येते. भातुकली झाली, बाहुला-बाहुलीचे लग्न झाले की तिचे काम संपले, असा आपला समज असतो. परंतु जगातील अनेक समाजांत बाहुली ही नुसती खेळण्याची वस्तू नसून सांगण्याची वस्तू आहे. ज्यांना अक्षर येत नव्हते, किंवा येऊ दिले गेले नव्हते, त्यांच्यापर्यंत पुराणे, लोककथा, वीर आणि राक्षस पोहोचले ते चित्रांतून आणि बाहुल्यांतून. म्हणून तिच्या रंगाइतकीच तिच्या तोंडी घातलेली कथा महत्त्वाची असते. ही कथा कोणी रचली, कोण सांगतो आणि तिच्यात मार कोण खातो, हे प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते.

आमच्या संस्थेच्या वर्गाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना बौद्ध परंपरेचा देश म्हणून जपानविषयी कुतूहल असते. जपानी बाहुल्यांची छायाचित्रे पुस्तकांतून त्यांनी पाहिलेली असतात. त्या बाहुल्यांकडे आपण येऊच, पण त्याआधी आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाकडे पाहावे, कारण ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून कुडाळ सोडून सावंतवाडीकडे जाऊ लागले की थोड्याच अंतरावर ते लागते. तेथील ठाकर समाजाने तीन प्रकारची कथाकथने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पहिली चित्रकथी. यात रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे सुट्या कागदांवर रंगविलेली असतात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. अक्षरांची नव्हे, चित्रांची पोथी! कथेकरी मांडी घालून बसतो, एकेक चित्र उभे धरतो आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगतो. दुसरी कळसूत्री बाहुल्यांची. लाकडात कोरलेल्या, कापड नेसविलेल्या या बाहुल्या वरून दोऱ्यांनी नाचवितात. तिसरी चामड्याच्या बाहुल्यांची. पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवतात, दिवा आणि पडदा यांच्यामध्ये बाहुली धरतात आणि प्रेक्षकांना तिची रंगीत छाया दिसते.

चामड्याच्या या बाहुलीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कातडे भिजवून त्यावरील केस खरवडून काढतात, ताणून वाळवितात. ते पातळ होता होता जवळजवळ पारदर्शक होते. मग त्यावर आकृती काढून ती कापतात, दागिने आणि वस्त्रांची नक्षी बारीक भोके पाडून उठवितात, रंग भरतात आणि आधाराला काठी बांधतात. दिव्याचा प्रकाश भोकांतून आला की मुकुट चमकतो. पूर्वी हरणाचे कातडेही वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला.

येथे आमच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावतो एवढ्या कारणासाठी या देशात लक्षावधी माणसे वेशीबाहेर ठेवली गेली. त्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला. तेच कातडे कापून, रंगवून त्याचा राम केला की त्याची सावली मात्र देवळाच्या आवारात चालते, आणि अवघे गाव रात्र जागून ती पाहते! विटाळ कातड्यात कधीच नव्हता, हे एवढ्या एका उदाहरणावरून शाळकरी मुलालाही समजावे.

पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. ठरलेल्या गावांच्या देवळांतून, विशेषतः नवरात्र-दसऱ्यापासून पुढच्या काळात, ठरलेल्या घराण्यांनी खेळ करावयाचा, आणि त्याबद्दल धान्य व थोडे पैसे मिळावयाचे, अशी ही व्यवस्था होती. चित्रकथी आणि बाहुल्यांखेरीज राधानाच, पांगूळ बैल, गोंधळ इत्यादी कलाही याच समाजाकडे होत्या. वाचताना हे फार गोड वाटते. परंतु बलुतेदारी आणि वतनदारी यांचा अनुभव ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी घेतला आहे त्यांना यातील दुसरी बाजू लगेच दिसेल. कलावंत हा गावाचा मानकरी नव्हता, गावाने दिलेल्या पसाभर धान्यावर जगणारा होता. कलेला हक्क होता, कलावंताला नव्हता.

१९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि आश्रय आटला. त्यानंतर सिनेमा आला, पुढे दूरदर्शन आले. रात्रभर पडद्यावरची सावली पाहत बसण्याची लोकांची हौस कमी होत गेली. तरुण पोरे मुंबईची वाट धरू लागली. जुन्या पोथ्या गावाबाहेर जाऊन संग्राहकांकडे आणि वस्तुसंग्रहालयांत पोहोचल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे आहेत. पैठणकडेही अशीच चित्रपरंपरा होती, तिची चित्रे आज मुख्यतः संग्रहालयांतच पाहावयास मिळतात. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांनी १९७७ साली ‘चित्रकथी’ या नावाचाच एक माहितीपट केला.

या पडझडीतही काही घराण्यांनी हट्ट सोडला नाही. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कलाआंगण नावाचे संग्रहालय उभे केले. आपल्या समाजाच्या बाहुल्या, चित्रे आणि वाद्ये त्यात मांडली. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. गोठ्यातील संग्रहालयापासून पद्मश्रीपर्यंतचा हा प्रवास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ठाकर ही अनुसूचित जमात खरी, परंतु पूर्वीच्या यादीत तिला नाशिक, नगर, पुणे, ठाणे, कुलाबा या जिल्ह्यांतील ठराविक तालुक्यांचे बंधन होते. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ते क्षेत्रबंधन उठले. तरीही सिंधुदुर्गातील ठाकरांना जात पडताळणीसाठी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडावे लागले. ज्या समाजाच्या कलेला आदिवासी कला म्हणून गौरवावयाचे, त्याच समाजाच्या मुलाला तू आदिवासी असल्याचे सिद्ध कर म्हणावयाचे, हा प्रकार आमच्या वाचकांना अपरिचित नाही.

चामड्याच्या बाहुल्यांचा आणखी एक धागा मराठी माणसाने जाणून घेण्यासारखा आहे. कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडू या तिन्ही ठिकाणी छायाबाहुल्यांचे खेळ आहेत. तेथे ते करणाऱ्या भटक्या समाजांपैकी कित्येक कुटुंबे घरात मराठीसारखी बोली बोलतात. कर्नाटकातील किळ्ळेक्यात आणि तामिळनाडूतील मंडीकर ही त्यांतील प्रमुख नावे. पडद्यासमोरच्यांसाठी कानडी किंवा तमिळ, आणि पडद्यामागे आपापसांत मराठी! तामिळनाडूतील या लोकांचा संबंध तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीशी जोडला जातो. मराठी भाषेच्या गौरवाच्या सभांतून या लोकांचा उल्लेख आम्ही क्वचितच ऐकला आहे.

आता जपान. जपानी भाषेत बाहुलीला ‘निंग्यो’ म्हणतात, म्हणजे माणसाचा आकार. तेथे बाहुल्यांचे दोन सण आहेत. ३ मार्चला मुलींचा. त्या दिवशी घरात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, खाली दासी, त्याखाली वादक. आपल्याकडील गौरीपुढची आरास आठवावी. राजदरबाराची उतरंड घरात मांडून दाखविणारा हा सण आहे एवढेच म्हणून पुढे जाऊ. दुसरा ५ मे चा. तो पूर्वी मुलग्यांचा होता, १९४८ पासून सर्व बालकांचा राष्ट्रीय दिवस झाला. या दिवशी लोककथांतील वीरांच्या बाहुल्या मांडतात. किंतारो हा त्यांपैकी एक. डोंगरात वाढलेला, हातात कुऱ्हाड असलेला आणि अस्वलाशी कुस्ती खेळणारा गुबगुबीत मुलगा. शोकी हा दाढीवाला, भुते पळवून लावणारा. तो मूळचा चीनमधला. आणि सर्वांत लाडका मोमोतारो.

मोमोतारोची कथा अशी. एका म्हातारीला नदीत वाहत आलेले भले मोठे पीच फळ मिळते. ते चिरावे तो आतून मुलगा निघतो. मुलगा मोठा होतो आणि राक्षसांच्या बेटावर स्वारी करण्यास निघतो. वाटेत कुत्रा, माकड आणि तितर जातीचा पक्षी भेटतो. म्हातारीने दिलेले लाडू त्यांना देऊन तो त्यांना आपल्या बाजूला वळवितो. चौघे मिळून राक्षसांचा पराभव करतात आणि त्यांची संपत्ती घेऊन घरी येतात. माकडाच्या साह्याने समुद्र ओलांडून राक्षसांच्या बेटावर स्वारी, ही गोष्ट आपल्या मुलांना ओळखीची वाटेल. आम्ही या दोन कथांचा परस्पर उगम सांगत नाही, केवळ साम्य दाखवितो.

या निरागस बाहुलीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या राज्यकर्त्यांनी मोमोतारोला सैनिक केले. १९४५ साली जपानी नौदलाच्या प्रेरणेने मोमोतारोवर पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट निघाला. त्यात राक्षस म्हणजे गोरे शत्रू, आणि आशियातील बेटांवरील रहिवासी म्हणजे मोमोतारोने शहाणे करून सोडावयाचे प्राणी. आजीने सांगितलेली गोष्ट मुलांना युद्धासाठी तयार करण्याच्या कामी आली. परंतु त्याच जपानात, युद्धाच्या कितीतरी आधी, १९२४ साली, अकुतागावा र्युनोसुके या मोठ्या कथाकाराने मोमोतारोची कथा उलटी करून लिहिली होती. तिच्यात राक्षस हे आपल्या बेटावर सुखाने, नाचत-गात राहणारे लोक आहेत. मोमोतारो हा कष्टाचा कंटाळा असलेला आक्रमक आहे. तो येतो, मारतो, लुटतो. आम्ही काय अपराध केला, या राक्षसांच्या प्रश्नाला त्याच्याजवळ धड उत्तर नाही.

हे वाचताना आम्हांस महात्मा जोतीराव फुले यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. अकुतागावाच्या एक्कावन्न वर्षे आधी, १८७३ साली, ‘गुलामगिरी’ या ग्रंथात जोतीरावांनी हेच काम अधिक निर्भयपणे आणि कल्पित कथेचा आडपडदा न ठेवता केले. दैत्य, राक्षस म्हणून ज्यांना पोथ्यांनी मारले ते या भूमीचे मूळ लोक, आणि बळी हा त्यांचा न्यायी राजा, असे त्यांनी मांडले. त्या ग्रंथात एका बाहुलीचाही उल्लेख आहे. दसऱ्याच्या सणाला भटांच्या घरी कणकेचा किंवा तांदळाचा बळी करून दाराशी ठेवीत आणि घरातील पुरुष त्याचे पोट फाडण्याचा विधी करीत, असे त्यांनी नोंदविले आहे. उलट शेतकऱ्यांच्या घरी आयाबहिणी ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणत. एकाच राजाची एका घरात फाडावयाची बाहुली, आणि दुसऱ्या घरात त्याच्या परतण्याची वाट! लोककथेतील पात्रांच्या बाहुल्यांवर आजवर अनेकांनी लिहिले असेल, पण त्या कणकेच्या बाहुलीइतकी बोलकी बाहुली आम्हांस दुसरी माहीत नाही.

जपानमधील आणखी एका बाहुलीविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, कारण ती थेट बौद्ध इतिहासातून आली आहे. तिचे नाव दरुमा. दरुमा म्हणजे बोधिधर्म. पाचव्या-सहाव्या शतकात चीनमध्ये गेलेले आणि ध्यानमार्गी म्हणजे झेन संप्रदायाचे आद्य गुरू मानले गेलेले हे भिक्खू. ते दक्षिण भारतातील एका राजाचे पुत्र होते असे एका जुन्या चिनी लेखनात म्हटले आहे. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात त्यांना पश्चिमेकडून आलेला इराणी म्हटले आहे. नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ते ध्यानाला बसले आणि त्यांचे हातपाय झडून गेले, ही दंतकथा. म्हणून दरुमा बाहुलीला हातपाय नसतात. ती कागदाच्या लगद्याची, आतून पोकळ, तळाशी जड असते. कशीही पाडा, पुन्हा उभी राहते. रंग लाल. हा लाल रंग देवीच्या रोगापासून वाचवितो अशी तेथील जुन्या लोकांची समजूत होती.

ताकासाकी हे शहर या बाहुल्यांचे मोठे केंद्र आहे, जपानातील बहुतेक दरुमा तेथेच तयार होतात. त्याची सुरुवात दुष्काळातून झाली. १७८३ साली जवळच्या आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, पिके गेली, लोक देशोधडीला लागले. तेव्हा तेथील दरुमा विहाराच्या भिक्खूने लाकडी साचा करून गावकऱ्यांना या बाहुल्या बनविण्यास शिकविले, अशी परंपरा सांगतात. शेतीने दगा दिला तेव्हा लोकांच्या हाती एक धंदा आला, आणि तो आजही चालू आहे. पिंगुळीच्या कलावंताला धान्याच्या पसाभर दानावर जगावे लागले, ताकासाकीच्या शेतकऱ्याला बाजार मिळाला. हा फरक आपल्या संस्थांच्या चालकांनी विचारात घ्यावा असा आहे.

दरुमा विकत घेताना त्याचे डोळे कोरे असतात. मनाशी काही संकल्प करून एक डोळा रंगवावयाचा, संकल्प पुरा झाला की दुसरा. परीक्षेला बसणारे विद्यार्थी करतात, निवडणुकीला उभे राहणारे पुढारीही करतात. वर्षाअखेर जुने दरुमा विहारात नेऊन जाळतात. आता, आमच्या तरुण वाचकांनी येथे फसू नये. बाहुलीचा डोळा रंगविल्याने कोणी उत्तीर्ण होत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात नवस दरुमाच्या रूपाने परत येता कामा नये, मग तो जपानहून आलेला का असेना. परंतु टेबलावर ठेवलेला एक कोरा डोळा आपले काम अर्धे राहिले आहे याची रोज आठवण देत असेल, तर त्यात आम्हांस वावगे दिसत नाही.

बाहुलीचा उपयोग खुद्द तिपिटकात कसा झाला आहे तेही विद्यार्थ्यांनी पाहावे. थेरीगाथेत जीवकाच्या आम्रवनातील सुभा थेरीची कथा आहे. एक लंपट तरुण तिची वाट अडवितो आणि तिच्या रूपाची स्तुती करू लागतो. ती त्याला दोऱ्यांनी आणि खुंट्यांनी बांधलेल्या, रंगविलेल्या, नाचणाऱ्या लाकडी बाहुलीचे उदाहरण देते. दोऱ्या सोडा, खुंट्या काढा, भाग वेगळे करा, मग तुझे मन कशावर बसणार, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. संयुत्त निकायात सेला भिक्खुनीला मार विचारतो की ही बाहुली कोणी घडविली. ती सांगते की ती स्वतः घडलेली नाही, दुसऱ्या कोणी घडविलेलीही नाही, कारणाने उत्पन्न झाली आणि कारण संपताच संपेल. पुढे तेराव्या शतकात ज्ञानेश्वरीतही सूत्राने नाचणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो. म्हणजे कळसूत्री बाहुल्या या भूमीत फार जुन्या आहेत, आणि त्यांचा खेळ पाहून कोणी भक्तीकडे वळले, कोणी कार्यकारणाच्या विचाराकडे.

घडविणाऱ्याच्या नावाचा प्रश्न उरतो. पिंगुळीच्या जुन्या पोथ्या आणि बाहुल्या कोणी केल्या, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणी सांगत नाही. याउलट नांदगावहून फार दूर नसलेल्या, कन्नड तालुक्यातील गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेली एक यक्षाची मूर्ती प्रसिद्ध आहे. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर परात घेतलेला, तोंडभर हसणारा हा यक्ष म्हणजे लोककथेतलेच पात्र. त्याच्या हातावर कोरले आहे की हा कण्हदास सोनाराने केला. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, ते नाव वाचता येते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात वेस्संतर जातक आणि इतर जातके भिंतीवर प्रसंगवार रंगविलेली आहेत. चित्रकथीचा कथेकरी कागद धरून जे करतो तेच तेथे भिंत करते.

मग बाहुल्यांनी रामायणच सांगावे काय? आपल्या जिल्ह्यातले उदाहरण समोर आहे. १९३० च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातील गणाचे देवस्तवन आणि गौळण बाजूला काढली, आणि त्या जागी बाबासाहेबांच्या चळवळीचा विचार घातला. तो आंबेडकरी जलसा. ढोलकी तीच, कवन वेगळे, आणि समोर बसलेला माणूस जागा होऊन घरी जाई. पिंगुळीचे कलावंतही रामकथेच्या जोडीला व्यसनमुक्ती, स्वच्छता असे विषय बाहुल्यांच्या तोंडी घालू लागले आहेत. जातककथा तर या खेळासाठी जणू बेतूनच ठेवल्या आहेत. छद्दंत हत्ती, सुवर्णमृग, माकडांचा राजा, हे सारे पडद्यावरच्या सावलीला शोभणारे. मोमोतारोत माकड लाडवाच्या बदल्यात स्वारीला जाते. महाकपि जातकात माकडांचा राजा आपल्या कळपाला वाचविण्यासाठी स्वतःच्या देहाचा पूल करतो.

शाळेतल्या शिक्षकांनी हे करून पाहण्यास फार खर्च नाही. जाड पुठ्ठा, भोके पाडण्यास दाभण, पारदर्शक रंगीत कागद, जुन्या पांढऱ्या धोतराचा पडदा आणि मागे एक विजेचा दिवा एवढे पुरते. आकृती बाजूने दिसेल अशीच काढावी, समोरून काढलेल्या चेहऱ्याची सावली ओळखू येत नाही. हात खांद्याशी आणि कोपराशी दोऱ्याने सैल जोडावा. दिवा पडद्यापासून तीन-चार हात मागे ठेवावा, आणि बाहुली पडद्याला टेकवून धरावी, म्हणजे रेषा स्पष्ट येते. दूर नेली की ती मोठी आणि अंधुक होते, राजाचा अहंकार दाखवावयाचा असेल तेव्हा हे उपयोगी पडते. ज्यांना मूळ खेळ पाहावयाचा असेल त्यांनी सुट्टीत कोकण रेल्वेने कुडाळ स्थानकावर उतरावे. पिंगुळी तेथून अगदी जवळ आहे, आणि कलावंतांचे घर कोणीही दाखविते.